सुवर्णदुर्ग लंडनमध्ये उघडा असतो

माझा आतेभाऊ लंडनला असतो. मध्यंतरी त्याने आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला, झाडीतून वर डोकं काढलेला विटांचा त्रिकोणी मनोरा, तिन्ही कोपऱ्यांवर छोटे बुरूज, आणि खाली लिहिलं, 'ओळखा पाहू, आपल्या हर्णैचा आहे.' सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. आत्या म्हणाली, थंडीने डोकं फिरलंय याचं. मग त्याने पाटीचा फोटो टाकला. सेव्हर्नड्रूग कॅसल. दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा, जीभ जरा इंग्रजासारखी वळवून. सुवर्णदुर्ग!

गोष्ट खरी आहे. लंडनच्या आग्नेय बाजूला शूटर्स हिल म्हणून टेकडी आहे, तिथे १७८४ साली सर विल्यम जेम्स या माणसाच्या विधवेने नवऱ्याच्या आठवणीत हा मनोरा बांधला. उंची ६३ फूट, आत ८६ पायऱ्या. हा जेम्स म्हणजे कंपनी सरकारच्या मुंबईच्या आरमाराचा कमोडोर, आणि त्याची मोठी कामगिरी कुठली, तर १७५५ च्या एप्रिलमध्ये मराठ्यांच्या आरमारातल्या तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला ती. आमच्या हर्णैच्या मासळीबाजारात उभं राहिलं की समोर पाण्यात जो किल्ला दिसतो, तोच.

इथपर्यंत गंमत. पण भाऊ पुढे जे सांगायला लागला त्याने मी जरा गप्प झालो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा मनोरा बंद पडला, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, आत कबुतरं. पुढे तिथल्या कौन्सिलने तो एका बिल्डरला ऑफिससाठी भाड्याने द्यायचं काढलं तर आजूबाजूचे लोक भडकले, त्यांनी ट्रस्ट काढला, वर्षानुवर्षं पैसे जमवले, लॉटरीच्या निधीतून अनुदान मिळवलं आणि २०१४ ला मनोरा पुन्हा उघडला. आज तो चालतो तो स्वयंसेवकांच्या जोरावर. तिकीट फाडायला शेजारपाजारची माणसं, खाली चहा-केक, वर गच्चीतून लंडन. शाळेची पोरं येतात आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका किल्ल्याचं नाव, मोडकंतोडकं का होईना, घेऊन घरी जातात.

म्हणजे सुवर्णदुर्ग जिंकणाऱ्याची आठवण सांगायला तिकडे लोक आपला वीकेंड देतात, आणि सुवर्णदुर्ग लढवणाऱ्यांची, त्याला रसद पोचवणाऱ्या होड्यांची, त्या होड्या बांधणाऱ्या सुतारांची गोष्ट सांगायला इकडे, किल्ल्याच्या समोर, एक धड खोली नाही. आहे एक तशी, आमची, पण तिच्याबद्दल पुढे.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, काय बोलता राव, जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या यादीत गेला की. गेला. मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत चार पाण्यातले किंवा पाण्याकाठचे आहेत, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, त्या दिवशी आम्हीही पेढे वाटले. पण माझी तक्रार नेमकी इथेच सुरू होते. आपल्याकडे सागरी इतिहास म्हटलं की किल्ला आणि किल्ला म्हटलं की तट, बुरूज, तोफ, सेल्फी. दगड टिकतो म्हणून दगडालाच आपण इतिहास म्हणायला लागलोय. आरमार काय किल्ल्यात बसून लढत होतं का?

१६७९ चं खांदेरीचं प्रकरण घ्या. शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावर बेटावर तटबंदी चालू केली, इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा घातला, म्हटलं रसद तोडू. तुटलीच नाही. कारण महाराजांच्या होड्या लहान, बुडाला उथळ, वारा पडला की वल्ह्यांवर चालणाऱ्या, रात्री थळच्या किनाऱ्यावरून निघायच्या आणि मोठ्या जहाजाला जिथे खडकाची भीती वाटते अशा पाण्यातून सरळ बेटाला लागायच्या. इंग्रज नुसते बघत बसले. म्हणजे हा विजय जितका तटाचा तितकाच होडीच्या बुडाचा आणि ती वल्हवणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांच्या दंडाचा होता. आता मला सांगा, तशी एक होडी कुठे बघायला मिळते? एक गुराब? एक गलबत? नाही. अख्ख्या मराठा आरमारातलं एकही जहाज आज शिल्लक नाही, आणि जे दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी जळलं-बुडालं त्याचं ठीक आहे, पण माझ्या लहानपणी खाडीत डझनाने उभे असलेले शिडाचे मचवे? ते कुठल्या लढाईत गेले?

ते आमच्या डोळ्यांदेखत गेले. आधी इंजिन आलं, मग ट्रकने कौलं यायला लागली, मग फायबरच्या होड्या आल्या. लाकडी मचव्याला दरवर्षी बाहेर काढायचा, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा, राळ-तेल द्यायचं, एवढं कोण करणार आणि कशासाठी, मालच नाही तर. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. मचवा खाडीच्या चिखलात बसला, मग त्याच्या फळ्या गोठ्याला लागल्या, उरलेल्या होळीत गेल्या. एका मचव्याचा दरवाजा झालाय आमच्या गावात, दरवाजा म्हणून उत्तम आहे.

२०१७ ला आम्ही पाच-सहा जणांनी एक खोली घेतली. घेतली म्हणजे एका नाखव्याचं जाळी ठेवायचं जुनं कोठार, त्याने भाडं नको म्हणून सांगितलं, फक्त वीजबिल तुम्ही भरा. मी दापोलीत औषधांचं दुकान चालवतो, दुसरा शिक्षक, एक जण बर्फाच्या कारखान्यात, एक रिटायर्ड पोस्टमन. इतिहासातली डिग्री कोणाकडेच नाही. म्युझियम म्हणायची लाज वाटते म्हणून आम्ही खोलीच म्हणतो, गावातली पोरं 'भंगार' म्हणतात, प्रेमाने.

सुरुवातीला आम्हीही तेच केलं जे सगळे करतात, भिंतीवर महाराजांचा फोटो, कान्होजींचा फोटो, किल्ल्यांचे नकाशे प्रिंट करून. वस्तू म्हणून एक गंजका नांगर. एक दिवस गावातला एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, आला, ऐंशीच्या पुढचा, सगळं बघितलं, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पंचाच्या गाठोड्यात काहीतरी बांधून आला आणि टेबलावर ठण्णकन ठेवलं. शिशाचं वजन, लांबट, वीतभर, वर दोरीला भोक, आणि खालच्या बाजूला अंगठा बसेल एवढा खळगा. मला वाटलं जाळ्याचं वजन. तो हसला. म्हणाला, अंधारात किनारा दिसत नसला ना, की हे खाली सोडायचं, दोरीवर वाव मोजायचे, वाव म्हणजे दोन हात पसरल्याएवढी लांबी. मी म्हटलं, ते कळलं, पण खळगा कशाला? खळग्यात चरबी भरायची. तळाला टेकलं की चरबीला काय चिकटून येतंय ते बघायचं, वाळू, चिखल, शिंपल्याचा चुरा, की काहीच नाही म्हणजे खडक. 'सात वाव पाणी नि काळा चिखल म्हंजे आमक्या खाडीच्या तोंडाशी आलो, बारा वाव नि जाड वाळू म्हंजे अजून बाहेर.' त्याच्या डोक्यात मुंबईपासून मालवणपर्यंत समुद्राच्या तळाचा नकाशा होता, चवीने ओळखायचा म्हणाला कधीकधी, चिखल जिभेला लावून, आता यात थोडी थाप असेलही, तांडेल तो तांडेल.

मग भरतीचं गणित सांगितलं. तिथीच्या पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. मी घरी येऊन मोबाईलवर टाइड टेबल लावून ताडून बघितलं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं पण जमतं, आणि का जमतं तेही साधं आहे, पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं, त्याचा यांनी तोंडी हिशोबाला सोपा असा पाऊण तास केला. कॅलेंडरवर तिथी असतेच. घड्याळ नसलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं कोष्टक कुठल्या आरमाराने दिलं असतं?

तांडेल दोन वर्षांनी गेला. वजन आमच्याकडे आहे. रजिस्टरमध्ये नोंद आहे, कोणी दिलं, कधी, कुठल्या मचव्यावरचं, आणि त्याने सांगितलेलं सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं आहे, मागे कोंबडा ओरडतोय पण ऐकू येतं. हे वजन उद्या मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात काचेखाली ठेवलं तर त्याच्या खाली काय लिहाल? 'शिशाचे वजन, कोकण, विसावे शतक.' झालं. चरबी गेली, चिखल गेला, वाव गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की समुद्राचा इतिहास वस्तूपेक्षा माणसाच्या सवयीत जास्त असतो, आणि ती सवय त्या बंदरातच, त्या माणसाला ओळखणाऱ्या कोणीतरी, ती माणसं जिवंत असताना टिपली तरच हाती लागते. हे काम सरकारी खातं करू शकत नाही. आळशी आहे म्हणून म्हणत नाही (ते वेगळं). तांडेल बदलीवर आलेल्या साहेबासमोर पंचा सोडत नाही म्हणून म्हणतोय.

शिलाईच्या जहाजाचं बघा ना. नौदलाचं ते 'कौंडिण्य', अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं, खिळे न मारता फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेलं, मे २०२५ मध्ये नौदलात आलं आणि पुढे पोरबंदरहून मस्कतला शिडावर गेलं. सगळीकडे त्याच्या बातम्या झाल्या, व्हायलाच पाहिजेत. पण ते कोणामुळे शक्य झालं? चित्रात जहाजाचा आकार दिसतो, टाका कसा घालायचा ते दिसत नाही. टाका घालता येणारे कारागीर केरळात अजून होते म्हणून जहाज उभं राहिलं. तेवढे हात नसते तर पैसा, नौदल, आर्किटेक्ट सगळं असून काय शिवलं असतं? आपल्या किनाऱ्यावर मचव्याच्या बुडाला आकार देणारे सुतार असेच हातावर मोजण्याएवढे राहिलेत आणि त्यांची पोरं फर्निचर करतात, मॉड्युलर किचन, त्यात पैसे आहेत.

आता मोठ्या प्रकल्पांविषयी. गुजरातमध्ये लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल होतंय, खर्च साडेचार हजार कोटींच्या घरात. आपल्याकडे नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही बोट निवतीजवळ समुद्रात बुडवून पाण्याखालचं म्युझियम करायचं ठरलंय. मी विरोधात नाही, लोकांना रोजगार मिळेल, पोरं डायव्हिंग शिकतील. पण मोठं ते टिकाऊ, हा जो समज आहे ना, त्याला एकच उत्तर आहे, विक्रांत. १९६१ ला नौदलात आलेली, १९९७ ला निवृत्त झालेली पहिली विमानवाहू नौका, मुंबईत कितीतरी वर्षं म्युझियम म्हणून उभी होती, मी स्वतः डेकवर उभं राहून डबा खाल्लाय. मग डागडुजीचा खर्च झेपेना, कोणी ठेवायला तयार होईना, २०१४ ला साठेक कोटींना भंगारात गेली. तिच्या लोखंडाची मोटरसायकल निघाली. देशातली सगळ्यात लाडकी युद्धनौका, सगळे पक्ष तिच्या बाजूने, आणि तरी.

उलटं उदाहरणही आपलंच आहे. मुंबईच्या गोदीत १८१७ ला वाडियांनी मलबारी सागवानाचं 'ट्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज बांधलं. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, पाण्यावर तरंगत असलेलं सगळ्यात जुनं ब्रिटिश युद्धजहाज. ते वाचलं कसं, तर १८९७ ला ते मोडीत निघालं होतं आणि एका श्रीमंत हौशी माणसाने भंगारवाल्याच्या तावडीतून विकत घेतलं, त्याच्यावर पोरांना दर्यावर्दीपण शिकवायचं चालू केलं, ते जवळजवळ नव्वद वर्षं चाललं. जहाज वापरात राहिलं म्हणून जगलं, नंतर दुरुस्ती, म्युझियम वगैरे. मुंबईचं सागवान तिकडे तरंगतंय, आणि ज्या गोदीत ते घडलं ती नौदलाच्या कुंपणात, आपल्याला आत जाता येत नाही. सिडनीलाही तसंच, 'जेम्स क्रेग' नावाचं १८७४ चं शिडाचं जहाज टास्मानियाच्या एका खाडीत भोक पडून बसलं होतं, हौशी लोकांनी ते बाहेर काढलं, कित्येक वर्षं शनिवार-रविवार खपून सगळं दुरुस्त केलं, आता लोकांना घेऊन समुद्रात जातं. हे लोक काय करोडपती होते का? रिटायर्ड वेल्डर, सुतार, शिक्षक.

पण थांबा, स्वयंसेवकांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही, कारण आम्ही काय काय घाण करून ठेवली आहे ते मला माहितीये. जाळ्यात आलेला तो नांगर, पहिल्याच वर्षी आम्ही उत्साहाने तारेच्या ब्रशने घासला, त्याला रेड ऑक्साइड मारलं, वर काळा रंग, चकचकीत, फेसबुकवर फोटो. दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटायला लागले, हात लावला की तुकडा हातात. नंतर एका जाणकाराने सांगितलं, समुद्रातून काढलेल्या लोखंडाच्या आत मीठ मुरलेलं असतं, ते आधी महिनोन्महिने पाणी बदलत, सोड्याच्या द्रावणात ठेवून काढावं लागतं, वरून रंग मारला म्हणजे मीठ आत कोंडलं. लाकडाचं त्याहून वाईट, भिजलेलं लाकूड उन्हात वाळवलं की चिरफळ्या. स्वीडनमध्ये १९६१ ला वर काढलेल्या 'वासा' जहाजावर सतरा वर्षं एक प्रकारच्या मेणाचा फवारा मारत बसले होते तेव्हा कुठे ते वाळलं. आम्ही अर्ध्या तासात रंग मारून मोकळे. किल्ल्यांवरच्या तोफांचंही अनेक ठिकाणी हेच चाललंय, भावना शंभर टक्के खरी, सागवानी गाडा झकास, आणि तोफ आतून सडतेय. सांगायला गेलं तर लोक अंगावर येतात.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ. कोठाराचे पत्रे उडाले, दोन ट्रंका कागद भिजले. त्यात गावातल्या मुस्लिम मोहल्ल्यातून जमवलेल्या खलाशांच्या नल्या होत्या. नली म्हणजे सीडीसी, बोटीवर चढण्या-उतरण्याची नोंदवही, खलाशाचा सगळा जन्म त्यात. लाईट नव्हती कित्येक दिवस, आम्ही ती पानं दोरीवर कपडे वाळत घालतात तशी घातली. काहींची शाई वाचली, काहींवर नुसता निळा ढग राहिला. फोटो काढून ठेवायचे होते, 'पुढच्या महिन्यात' चाललं होतं दोन वर्षं. हा आमचा गुन्हा आहे आणि त्याला वादळ जबाबदार नाही.

त्या नल्यांबद्दल थोडं बोलतो, कारण आपला इतिहास म्हणताना 'आपला' कोणाला म्हणायचं हा प्रश्न तिथे उभा राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांनी पिढ्यान् पिढ्या परदेशी कंपन्यांच्या आगबोटींवर काम केलं, सारंग, तांडेल, खलाशी म्हणून. पहिल्या महायुद्धात जे भारतीय खलाशी समुद्रात मेले त्यांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात आहे, दोन हजारांहून जास्त नावं आहेत त्याच्यावर. किती जणांनी बघितलंय? मीही वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितलं, आणि तेही मोहल्ल्यातल्या एका चाचांनी हाताला धरून नेलं म्हणून. आमच्या खोलीत महाराजांच्या फोटोशेजारी नली लावली तेव्हा एक-दोघांनी नाकं मुरडली. चाचा स्वतः म्हणाले, राहू द्या, कशाला वाद. आम्ही ठेवली. वाद झाला नाही, उलट मोहल्ल्यातून अजून तीन नल्या आल्या आणि एक पितळी शिटी.

तसंच १७५५ चं. सुवर्णदुर्ग पडला तो एकट्या जेम्समुळे नाही, पेशव्यांची फौज त्याच्या बरोबर होती. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, पुढच्या वर्षी विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, फेब्रुवारी १७५६ मध्ये आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि इंग्रजांनी विजयदुर्ग सोडायला किती खळखळ केली, शेवटी बदल्यात आमच्या शेजारचं बाणकोट घेतलंच. आपलं आरमार आपण शत्रूच्या मदतीने जाळलं, हे वाक्य मी एका शाळेच्या कार्यक्रमात बोललो तर एक पालक उठून गेले. लंडनच्या मनोऱ्यात ही गोष्ट विजयाची म्हणून सुरू झाली, आंग्रे म्हणजे चाचे, संपला विषय. मग आपण आपल्या खोलीत तरी पूर्ण गोष्ट सांगायला नको? जो खोली उघडतो आणि झाडतो तोच गोष्ट सांगतो, एवढं साधं आहे ते. आपण नाही उघडली तर नुसता त्यांचा मनोरा उरतो.

लोक विचारतात, बरं मग पाहिजे काय तुम्हाला, अनुदान? खरं सांगू, मोठं अनुदान मिळालं तर आमची भांडणं लागतील. पहिली गोष्ट जागा. किनाऱ्यावर गावोगावी जुनी कस्टमची चौकी, बंदर खात्याची शेड, बंद पडलेली शाळा, काहीतरी कुलूप लावून पडलेलं आहे. जिथे एकेकाळी मुंबईच्या आगबोटीची तिकिटं मिळायची, बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून उतारू आणायचे, बायका ओचे सावरत, अर्ध्यांना आधीच बोट लागलेली, अशा एका शेडसाठी आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला. पंधरा महिन्यांनी उत्तर आलं की सदर जागा 'उपयोगात' आहे. आत वटवाघळं आहेत. नाममात्र भाड्याने, पाच-पाच वर्षांच्या कराराने अशा जागा द्या, नाही चालवलं तर काढून घ्या, आमची हरकत नाही.

दुसरी गोष्ट कायदा. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा साधारण शंभर वर्षांच्या पुढच्या वस्तूला पुरावस्तू मानतो, हस्तलिखितांना पंचाहत्तर. ठीक आहे. पण १९५० चा मचवा, साठ सालचं आगबोटीचं तिकीट, तांडेलाची वही, यांना कुठलंच संरक्षण नाही, आणि जाणार आहेत ती हीच आत्ता. मी त्यावर लायसन्स-परवाने आणा म्हणत नाही, देवा, ते नको. नुसती जिल्हावार यादी करा, कुठल्या गावात कुठलं लाकडी जहाज उभं आहे, कोणाकडे कसली वही आहे. कॉलेजच्या एनएसएसची पोरं दोन हिवाळ्यांत करतील. आणि जिल्ह्याला एक, फक्त एक, संवर्धनाचा जाणकार नेमा, जो आमच्यासारख्या येड्यांना ब्रश उचलायच्या आधी फोनवर शिव्या घालेल. एका पगारात किती नांगर वाचतील.

यावरचा खरा आक्षेप मला माहिती आहे आणि त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. अशा खोल्या एका माणसाच्या खांद्यावर चालतात आणि तो गेला की कुलूप लागतं. आमच्या पाच-सहातले दोघं आता मुंबईला गेले, पोस्टमन काकांचे गुडघे गेले. रविवारी कधी सात जण येतात, कधी कोणीच नाही, मी एकटा बसून औषधांची बिलं टॅली करतो. म्हणून आम्ही एवढंच केलंय की सगळ्या रेकॉर्डिंगच्या आणि रजिस्टरच्या कॉप्या तीन ठिकाणी ठेवल्यात, एक शाळेत, एक लंडनच्या भावाकडे, एक माझ्या मेहुण्याकडे चिपळूणला, वरच्या मजल्यावर. खोली गेली तरी तांडेलाचा आवाज राहील, कोंबड्यासकट.

सध्या डोक्यात दुसरंच आहे. खाडीच्या वरच्या अंगाला एक मचवा अजून उभा आहे, डोलकाठी नाही, डावीकडच्या चार-पाच फळ्या गेल्यात, पण नाळ, म्हणजे पुढचं टोक, शाबूत आहे आणि बुडाचा आकार जसाच्या तसा. मालक म्हणाले, एक रिसॉर्टवाला विचारून गेलाय, अर्धा कापून बारचं काउंटर करायचंय, चांगले पैसे देतोय. मग म्हणाले, तुम्ही पाण्यातून काढून वर नेत असाल तर तुम्हाला फुकट देतो, पण पावसाच्या आत, मला नंतर त्रास नको. वर ओढायला उधाणाचीच भरती पाहिजे, भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, पाण्यात तो चिखलातून हलायचा नाही. म्हणजे येती अमावास्या, सव्वाअकराचं पाणी, बाराच्या आत दोर ताणलेले पाहिजेत. ट्रॅक्टर मिळालाय, ओंडके मिळालेत, दोर नाखवा देतोय. ओढायला चाळीस माणसं लागतात असं जुने लोक म्हणतात, आमची मोजून सव्वीस झालीत.